यंदा रेइनोने कुणालाच झापलं नाही

ऑक्टोबर लागला की आमच्या हॅगर्टी तळ्यावरच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा रेइनो सारेलाची बोलणी खावी लागतात. त्याला इलाज नाही. बोट पाण्यातून काढायची, ट्रेलरवर चढवायची, गाडीला जोडून त्याच्या शेडपर्यंत न्यायची आणि मान खाली घालून उभं राहायचं. वकील असो, दंतवैद्य असो की चर्चचा पाद्री, रेइनोपुढे सगळे सारखेच गाढव.

मी डॅग्नी त्वेइट. बोटी पाण्यात सोडायच्या उताराच्या तोंडाशीच माझं गळाच्या आमिषाचं दुकान आहे. गांडुळं, जिवंत मासोळ्या आणि कॉफी. तिन्हीतली कॉफी सर्वात वाईट, असं रेइनो म्हणतो, आणि गेली एकोणीस वर्षं रोज सकाळी येऊन पितो. मी नॉर्वेवाल्यांची, तो फिनलंडवाल्यांचा. आमच्या भागात एवढं सांगितलं की पुढचं भांडण लोक आपोआप समजून घेतात.

रेइनो शहात्तर वर्षांचा आहे. एकतीस वर्षं लाकूडगिरणीत करवतीवर होता. त्याआधी जंगलतोडीवर असताना एका जानेवारीत दोन्ही हातांची बोटं गारठून गेली. बोटं राहिली, शेंड्यांची जाणीव गेली. गरम कप उचलताना तो आधी मनगट लावून बघतो. गिरणी बंद पडल्यावर त्याने बटाट्यांचं एक जुनं गोदाम घेतलं आणि हिवाळ्यापुरते बोटींचे ट्रेलर ठेवून घ्यायला सुरुवात केली. यंदा अडतीस होते. बायको इम्पी होती तोवर ती दारात उभी राहून आलेल्या लोकांना वेलचीचा पाव द्यायची, म्हणजे नवऱ्याने कडू केलेलं तोंड गोड व्हावं. ती जाऊन सहा वर्षं झाली. आता नुसतंच कडू.

आता तो झापतो कशावरून, तेही सांगायला हवं. तीस-चाळीस मैल ओढून आणलेल्या ट्रेलरचं चाक आतून तापलेलं असतं. ते तसंच गार पाण्यात घातलं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. मग ग्रीसमध्ये पाणी, पाण्याने गंज, आणि एक दिवस बेअरिंग जाम होऊन सत्तरच्या वेगाने धावणाऱ्या गाडीमागून चाक निघून शेतात जातं. उपाय अगदी सोपा. उतारावर पोचलात की पंधरा मिनिटं थांबा, चाक निवू द्या. ती पंधरा मिनिटं घालवायला माझी कॉफी आहे. पण मासे उडी मारताना दिसत असताना पंधरा मिनिटं कोण थांबतो? कोणीच नाही. मीसुद्धा नाही, मग लोकांना काय नावं ठेवू!

रेइनोची रीत ठरलेली. चाक जॅकवर उचलायचं, हाताने जोरात फिरवायचं, हातभर लांबीच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक चाकामागे आसाला लावायचं आणि मूठ उजव्या कानाला. डोळे मिटून तो ऐकतो. बोटांना कळत नाही म्हणून सगळं कानावर. चाक गप्प असेल तर ताजं ग्रीस भरून टायरवर खडूने एक वर्तुळ काढायचं. गुरगुरत असेल तर चाक खोलायचं, बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुवायचं, त्यातले लोखंडी दाणे झिजले असतील तर नवीन घालायचं, आणि हे करताना मालकाला समोर उभं करून झापायचं. "तुला आईने थांबायला शिकवलं नाही का?" ही त्याची सुरुवात. तिथून पुढे तो आईच्याही मागे जातो.

एक अलिखित नियम आहे. आपल्या ट्रेलरचं काय बिघडलंय ते रेइनोला आधी सांगायचं नाही. सांगितलं तर तो भडकतो. "मग तूच कर ना!" त्याने शोधायचं, त्याने ओरडायचं, आपण गप्प बसायचं. बाकीची कामं तो न बोलता करतो. बोटीच्या तळाचं बूच काढून मालकाच्या हातात देतो. ट्रेलरचं नाक उंच टेकवतो म्हणजे उरलंसुरलं पाणी मागून वाहून जावं, नाहीतर तेच गोठून बोटीचा तळ फोडतं. पट्टे सैल करतो. मागचे दिवे काढून पिशवीत घालतो, कारण उंदरांना तारा आवडतात. शेवटी आस ठोकळ्यांवर घेतो. टायरवर पाच महिने वजन राहिलं तर टायर एका बाजूला बसतात, आणि मातीत गोठलेला टायर एप्रिलपर्यंत सुटत नाही. ते वर्तुळ एकदा टायरवर उमटलं की हॅगर्टीवर त्या ट्रेलरबद्दल कोणी एक शब्द विचारत नाही. वापरलेली बोट विकायला काढली तर लोक इंजिन नंतर बघतात, आधी वर्तुळ बघतात.

तर यंदा रेइनोने कुणालाच झापलं नाही.

पहिल्या आठवड्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात पर्लच्या कॅफेत बढाया सुरू झाल्या. "आपल्याला तर बाबा एक शब्द बोलला नाही!" "मलाही नाही!" दंतवैद्य तर म्हणाला, की रेइनोने त्याच्या खांद्यावर थाप मारली. खांद्यावर थाप! दंतवैद्याने ती जागा आठवडाभर धुतली नसेल. खुद्द रेइनो माझ्याकडे कॉफी पिताना म्हणाला, "अकरा वर्षं घसा कोरडा केला, डॅग्नी. शेवटी शिकले गं. पंचवीस ट्रेलर झाले, एकही गुरगुरला नाही." आणि तो हसला. इम्पी गेल्यापासून मी त्याचे दात बघितले नव्हते.

माझा ट्रेलर सव्वीसावा. आता खरं सांगते, त्या ट्रेलरचं उजवं चाक ऑगस्टपासून गुरगुरत होतं. काच खाली केली की आवाज येई, बंद केली तरी येई. उन्हाळाभर मी ते तापलेलंच पाण्यात घातलं होतं, कारण दुकान उघडायला उशीर व्हायचा. मी मनाची तयारी करून गेले. रेइनोने चाक फिरवलं, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले. मी पायाकडे बघत उभी.

"गप्प," तो म्हणाला. "शाब्बास."

त्याने वर्तुळ काढलं. मी बूच घेतलं आणि पळ काढला. अकरा वर्षांत पहिल्यांदा सुटले होते, त्या आनंदात घरी जाऊन मी डबाभर आइस्क्रीम खाल्लं. चाक आपोआप बरं झालं असेल, असंही मनाला समजावलं. चाक काय सर्दी आहे, आपोआप बरं व्हायला!

तीन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तो इतका वाईट, की हातातली मासोळ्यांची बादली तशीच खाली ठेवली. शेडवर गेले. रेइनो पाठमोरा वाकून कुणाच्या तरी बोटीवर ताडपत्री बांधत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला चार पावलांवर उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "ए म्हाताऱ्या बोकडा."

काही नाही. गाठ मारत राहिला.

"तुझ्या फिनलंडच्या कॉफीपेक्षा घोड्याचं मूत बरं."

हे ऐकून न उलटणारा फिनलंडवाला अजून जन्मायचाय. रेइनो ताडपत्री बांधत राहिला. मी डाव्या बाजूला जाऊन खोकले, तेव्हा तो वळला. "तू कधी आलीस?"

"आत्ताच," मी म्हणाले आणि घरी परतले.

लोक नंतर म्हणाले, एवढा माणूस बहिरा होतो आणि तुम्हाला कळत नाही म्हणजे काय? अहो, तो आधीही कुणाला उत्तर देत नव्हता, कळायला वाव कुठे होता! इम्पी असती तर पहिल्या दिवशी तिला कळलं असतं.

आणि मी काय केलं? काही नाही. सतरा दिवस काही नाही. सांगितलं तर त्याच्या हातून सगळं जाणार हे दिसत होतं. मुलं नाहीत, चर्चला जात नाही, टीव्ही बघत नाही. त्याच्याकडे आहे काय, तर लोकांचा त्याच्या वर्तुळावरचा विश्वास. न सांगावं तर अडतीस ट्रेलर, प्रत्येकाला दोन चाकं, आणि त्यातली कोणती सडलेली आहेत ते कुणालाच माहीत नाही. मे महिन्यात ते रस्त्यावर येणार. मागच्या गाडीत कोण असेल कोणास ठाऊक. पण मे लांब आहे, असं मी रोज स्वतःला सांगायचे. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होता, दुकानात गर्दी होती. नाही म्हणायला कारणं पुष्कळ सापडतात. मी भित्री आहे, दुसरं काही नाही.

मग व्हर्ना आली. व्हर्ना आणि तिचा नवरा डेल्मर दर थंडीला दक्षिणेत समुद्राकाठी जातात, यंदा बोटही नेणार होते. पंधराशे मैल. "उद्या पहाटे निघतोय," ती म्हणाली. "सुनेला आणि बाळालाही घेऊन चाललोय. काही चिंता नाही बघ, रेइनोचं वर्तुळ आहे!"

तिने हातमोजे विकत घेतले, मी सुटे पैसे द्यायला विसरले, तिने मागून घेतले. ती गेल्यावर मी दुकानाला कुलूप लावलं.

रेइनो शेडमध्ये बादली उलटी करून तिच्यावर बसला होता, सँडविच खात. मी डाव्या बाजूने गेले.

"रेइनो, माझं चाक गुरगुरतंय."

"तुझं चाक? ते गप्प आहे. मी ऐकलंय."

"ऑगस्टपासून गुरगुरतंय. तुला ऐकू आलं नाही."

तो चावायचा थांबला. "तू बाई गांडुळं वीक. चाकं मला कळतात."

"मग फिरव. माझ्यासमोर फिरव."

"गिरणी धरून चाळीस वर्षं मी काय झक मारतोय का? नॉर्वेवाल्यांना नाहीतरी भुतांचे आवाज येतात."

"फिरव म्हणते ना!" मी इतक्या जोरात ओरडले, की छपरावरची कबुतरं उडाली. ती उडालेली त्याने बघितली, तेव्हा त्याने सँडविच खाली ठेवलं.

चाक फिरवलं. स्क्रू ड्रायव्हर लावला, उजव्या कानाला. डोळे मिटले. "गप्प," तो म्हणाला. मी त्याच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पहिल्यांदाच माझ्या कानाला लावला. मला वाटलं होतं बारीक काहीतरी असेल. बारीक कसलं! डोक्यात कोणी खडी दळत असल्यासारखं होतं.

"पाना आण," मी म्हणाले. "खोल."

त्याने खोललं. चाकाचा मधला हब बाहेर आला, आणि मागोमाग दुधाळ तपकिरी चिखल ओघळून जमिनीवर पडला. ग्रीस आणि तळ्याचं पाणी. बेअरिंगचे दाणे गंजून खरबरीत झाले होते. रेइनोने एक दाणा चिंधीने पुसला, उजेडाकडे धरला, खाली ठेवला. मग तो परत बादलीवर बसला.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"सतरा दिवस."

एकोणीस वर्षांत त्याने मला काय काय म्हटलंय! त्या दिवशी काहीच म्हणाला नाही, आणि मला त्याची लाज अजून वाटते.

"डेल्मर उद्या निघतोय," मी म्हणाले.

"ओरडू नकोस. या बाजूने येतंय थोडं." तो उठला, पाना घेतला. "स्क्रू ड्रायव्हर तू घे."

डेल्मरचा ट्रेलर दारापाशीच लावलेला होता. डावं चाक गप्प. उजवं मला समजेना. खडी नव्हती, पण अधूनमधून टक् असा आवाज यायचा. मी त्याला तसं सांगितलं. "फिरताना प्रत्येक फेऱ्यात, की मधेच?" "मधेच." "मंद झाल्यावर वाढतं?" "हो." "दाण्याचा टवका उडालाय. आतल्या बेअरिंगचा." खोललं तर तसंच. त्याने नवीन घातलं, नट आवळला, थोडा सैल केला, पिन मारून तिची टोकं वळवली, आणि मला परत ऐकायला लावलं. नंतर पुन्हा एकदा. डेल्मर पहाटे आला, ट्रेलर जोडला, रेइनोला हात हलवून गेला. त्यांना समुद्र गाठायला तीन दिवस लागले. व्हर्नाने मला बाळाचा वाळूतला फोटो पाठवला.

उरलेले छत्तीस आम्ही आठ दिवसांत संपवले. बाहेर पारा शून्याखाली होता, शेडमध्ये थोडा वर. दाटीवाटीने लावलेले ट्रेलर एक एक करून बाहेर ओढायचे, ठोकळ्यांवरून उतरवायचे, ऐकायचे, परत चढवायचे. मी ऐकायची, तो खोलायचा. कानाची पाळी थिजून बधिर होई. चुकीचं सांगितलं की तो ओरडायचा, "ते बेअरिंग नाही, ब्रेक घासतोय! कान आहे की बटाटा!" आणि मला जरा बरं वाटायचं. एकूण नऊ चाकं सडलेली निघाली. पाद्रीबाबाची तर दोन्ही.

शेवटचा ट्रेलर ठोकळ्यावर चढला तेव्हा मी म्हणाले, "झालं. सगळी दुरुस्त झाली. आता कुणाला काही कळायचं कारण नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या वर्षीपासून मी शेजारी उभी राहत जाईन, लोकांना सांगू म्हातारी शिकतेय."

रेइनो हात पुसत होता. "आणि मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी काय?"

"मागच्या वर्षी मी सहाच जणांना झापलं. त्याच्या आदल्या वर्षी चौदा. मला वाटलं, सुधारतायत." त्याने चिंधी खुंटीला लावली. "गेल्या वर्षी तीन-चार जणांनी बोटी विकल्या. त्यांच्या टायरवर माझं वर्तुळ होतं."

मी म्हणाले, इतक्या दिवसांत काही झालं असतं तर कळलं असतं. तो म्हणाला, "कळलं असतं, किंवा नसतं." मी बरंच काही बोलले. कदाचित ते त्याच्या उजव्या बाजूने बोलले.

शनिवारी सकाळी पर्लच्या कॅफेत बसायला जागा नसते. शिकारीवरून आलेले, चर्चची भांडी घासून आलेल्या बायका, दंतवैद्य, पाद्री, सगळे. रेइनो त्या कॅफेत वर्षातून एकदा येतो, तोही पर्लचा पाण्याचा पंप बिघडला तर. तो आत आला तेव्हाच अर्ध्या माना वळल्या. तो माझ्या टेबलाशी आला, मी त्याच्या डाव्या हाताला होते, हे त्याने बघून घेतलं. बसला नाही. टोपी काढली.

"माझा उजवा कान गेलाय," तो म्हणाला. आवाज फार मोठा लागला होता, त्याला ते समजत नव्हतं. "कधी गेला माहीत नाही. यंदा मी तुमची चाकं ऐकली नाहीत. ऐकली असं मला वाटत होतं. नऊ खराब होती. ती डॅग्नीने ऐकली, मी बदलली. आता ठीक आहेत. मागच्या वर्षीचं मला सांगता येत नाही. ज्यांनी कुणाला बोटी विकल्या असतील, त्यांनी फोन करून चाकं खोलून बघायला सांगा, बेअरिंग मी देईन. ज्याला आपला ट्रेलर न्यायचाय त्याने न्यावा."

इतकं सलग बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. इम्पीच्या दफनाच्या वेळीसुद्धा तो एवढं बोलला नव्हता.

कोणी हललं नाही. दंतवैद्याने काटा हवेत धरला होता. पाद्रीबाबा टेबलाकडे बघत होते. तव्यावरचं बेकन तेवढं तडतडत होतं, पर्लने तेही बाजूला ओढलं. रेइनो टोपी हातात धरून उभा होता आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. ओठ हलतायत का ते बघत होता. मिशीवाल्यांचं त्याला समजेना. मग तो वाकला आणि डावा कान माझ्याजवळ आणला.

"काय म्हणतायत?"

"काही नाही," मी म्हणाले. "सगळे गप्प आहेत."

"नक्की?"

"नक्की, रेइनो. एकदम गप्प आहेत."

त्याने आणखी एकदा सगळीकडे नजर फिरवली. मग खुर्ची ओढली आणि माझ्या शब्दावर खाली बसला.